फ्लेक्ससारखं तोंड करा

आमच्या क्लिनिकमध्ये दोन गोष्टींचा साठा कधी संपत नाही, कापूस आणि किस्से. कापूस शबाना मागवते. किस्से पेशंट स्वतःच्या पायानं घेऊन येतात आणि वर मलाच विचारतात, "मॅडम, एवढं काय चिडतासा?"

चिडू नको तर काय करू? मी त्वचेची डॉक्टर. कोल्हापुरात राजारामपुरीत माझं छोटंसं क्लिनिक आहे. शबाना म्हणजे माझा उजवा हात. नंबर लावते, फोन घेते, ट्रीटमेंटच्या वेळी शेजारी उभी असते आणि माझा पारा चढला की केबिनचं दार बाहेरून हळूच ओढून घेते. येणाऱ्यांत निम्मे लोक मुरुमांचे. मुरूम हा असा आजार आहे की पेशंट सोडून सगळ्यांना त्याचं औषध माहीत असतं. शेजारणीला माहीत असतं, पार्लरवालीला माहीत असतं, रिक्षावाला तर आरशातून बघून सांगतो. मग हे सगळं लावून झालं, चेहऱ्याची पार वाट लागली की पेशंट माझ्याकडे येतो आणि म्हणतो, जरा लवकर करा, रविवारी साखरपुडा आहे!

मैत्रिणी जमल्या की म्हणतात, सांग की एखादा किस्सा. एखादा सांगून भागत नाही, हीच तर पंचाईत आहे.

*

आधी दुधाचा सांगते, म्हणजे आमच्या गावचं पाणी कळेल.

एक पैलवान आला. तालमीतला गडी, दारातून तिरका होऊन आत यावं लागलं. तोंडाला टॉवेल गुंडाळलेला, कारण स्किन क्लिनिकमध्ये जाताना तालमीतल्या कुणी बघितलं असतं तर त्याला गाव सोडावं लागलं असतं. टॉवेल काढला तर गाल, कपाळ, मान, सगळीकडे टपोरे मुरूम. खाणंपिणं विचारलं. जिमच्या दुकानातली कसली तरी पावडर, आणि सकाळ-संध्याकाळ धारोष्ण दूध. किती, ते सांगताना त्यानं हातानं जे माप दाखवलं, ते पाहून शबानानं लिहिणंच थांबवलं.

मी म्हटलं, पावडर आजपासून बंद, आणि दूध थोडे दिवस कमी कर. काही जणांचे मुरूम त्यानं वाढतात.

"कमी म्हंजे कितपत, मॅडम?"

"कपभर."

त्यानं मांडीवरच्या टॉवेलची नीट घडी घातली. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "कपानं च्या पित्यात, मॅडम."

पुढच्या खेपेला त्याचे वडील बरोबर आले. गंगावेशीत त्यांच्या म्हशी असतात. बसा म्हटलं तर बसले नाहीत. म्हणाले, "म्हशीवर आळ घेतलासा म्हणून आलोय." मी त्यांना समजावून सांगितलं की म्हशीबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण दूध प्रत्येकाच्या अंगाला सोसतंच असं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बरोबर आणलेली किटली माझ्या टेबलावर ठेवली. "आधी पिऊन बघा, मग बोला."

दूध फार चांगलं होतं हो. ते रोज पाठवत राहिले आणि मी पीत राहिले. त्याच आठवड्यात माझ्या हनुवटीवर एक मुरूम आला. शबानानं तो बघितला, उठून दार लावलं आणि म्हणाली, "मॅडम, म्हातारा यायच्या आत मास्क लावा."

*

दुसरे आमचे रणजितदादा. हुपरीकडचे युवा नेते. नेमके कशाचे नेते ते विचारायचं नसतं. आमच्याकडे वाढदिवस, निवड, नेमणूक, काहीही झालं की चौकात फ्लेक्स लागतो. मधोमध उत्सवमूर्तीचा मोठा फोटो, वर कोपऱ्यात दादांचा, आणि खाली शुभेच्छुकांच्या छोट्या छोट्या गोल चेहऱ्यांची रांग. हुपरीच्या चौकात दादा कोपऱ्यात नाहीत असा फ्लेक्स मी अजून बघितलेला नाही.

दादांनी खुर्चीत बसल्याबसल्या मोबाईल पुढे केला. त्यावर त्यांचाच फ्लेक्स. चेहरा सोललेल्या अंड्यासारखा गुळगुळीत. समोर प्रत्यक्ष दादा बसलेले, गालांवर जुने खड्डे, नवे फोड, काळे डाग.

"मॅडम, हे असं करून द्या."

मी म्हटलं, दादा, हे कॉम्प्युटरवर पुसून केलेलं आहे.

"ते म्हायती हाय की. पर लोक आधी फ्लेक्सकडं बघत्यात, मग माज्याकडं बघत्यात. मग परत फ्लेक्सकडं बघत्यात. अवघड हुतंय."

मी त्यांना सगळा कोर्स समजावला. आधी मुरूम आटोक्यात आणायचे, मग पील, म्हणजे सौम्य ॲसिडचा पातळ हात देऊन वरची खराब त्वचा हळूहळू उतरवायची, खड्ड्यांचं काम त्याच्याही नंतर. महिने लागतील, आणि तरी अंड्यासारखं होणार नाही. दादांनी शांतपणे ऐकलं आणि उठता उठता जे म्हणाले, त्यानं माझा अख्खा दिवस नासला.

"फ्लेक्सवाला चा पिऊन हुईस्तोवर करतोय की, मॅडम."

*

आता वैष्णवी. तिच्यासाठी तर मी हे सगळं सांगायला बसले आहे.

वैष्णवीही हुपरीचीच. तिचे वडील, ज्यांना सगळे आण्णा म्हणतात, घरीच चांदीची पैंजणं करतात. ती पहिल्यांदा आली तेव्हा आण्णा होते आणि आण्णांची थोरली बहीण, म्हणजे आत्ती होत्या. वैष्णवीचे फक्त डोळे दिसत होते. स्कूटरवर पोरी बांधतात तशी ओढणी, पण ती आत आली तरी सुटली नाही, खुर्चीत बसली तरी सुटली नाही. मी वैष्णवीला विचारायचे आणि आत्ती उत्तर द्यायच्या. त्रास कधीपासून? आत्ती. पाळी वेळेवर येते का? आत्ती. झोप लागते का? "घोरतीया," आत्ती म्हणाल्या. ओढणीच्या आत काहीतरी पुटपुटणं झालं, ते मला ऐकू आलं नाही.

शेवटी मी आण्णांना आणि आत्तींना बाहेर बसवलं. शबानानं दार ओढलं. तेव्हा कुठे पोरीनं ओढणी सोडली.

चेहरा बघून मला वाईट वाटलं. गाल लालभडक, कातडी कागदासारखी पातळ, आणि त्यावर फोडांची दाटी. मी लगेच ओळखलं. कुठलं क्रीम लावतेस? म्हणाली, चुलतबहिणीनं दिलं, तिला मेडिकलवाल्यानं दिलं. पहिल्या महिन्यात चेहरा असा उजळला की सगळ्यांनी विचारलं. मग फोड आले, म्हणून आणखी लावलं. त्या क्रीममध्ये स्टेरॉइड असतं. डॉक्टरांनी मोजून द्यायची ती वस्तू आमच्याकडे पोरी पावडरीसारखी फासतात. हे मी इतक्या वेळा, इतक्या जणींना सांगितलं आहे की झोपेतसुद्धा सांगू शकेन.

"एवढं लपवतेस, मग कॉलेजला कशी जातेस?" मी विचारलं.

"वर्गात ओढणी चालतीया. ग्राउंडवर चालत न्हाय. म्हणून खेळाय सोडलं."

ही पोरगी कॉलेजच्या फुटबॉल टीमची गोलकीपर. पुढच्या काही महिन्यांत विद्यापीठाच्या संघाची निवड होती. खेळाचे सर घरी येऊन विनवून गेले होते. पण समोरच्या टीमच्या कुणीतरी मॅच चालू असताना तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी बोललं होतं. काय बोललं ते तिनं मला सांगितलं नाही. आमच्याकडच्या पोरी बोलतात तशी 'करतो-जातो'च्या भाषेत एवढंच म्हणाली, "त्वांड नीट झाल्याबिगार मी गोलात हुभा ऱ्हाणार न्हाय. तुमी कवा नीट करतासा, सांगा."

*

ओढणीवरून आमचं जे काही भांडण झालं, ते विचारू नका.

मी तिला म्हटलं, बाई, तुझे निम्मे मुरूम या ओढणीनं आलेत. घाम, धूळ, केसांचं तेल, सगळं दिवसभर त्याच कापडात, आणि ते कापड गालाला घट्ट आवळलेलं. ती म्हणाली, मुरूम गेले की ओढणी सोडतो. मी म्हटलं, ओढणी सोडल्याशिवाय मुरूम जाणार नाहीत. ती म्हणाली, मग मुरूम जाऊ देत, मग सोडतो. एवढं बोलणं होईपर्यंत माझ्या कपाळाची शीर उडायला लागली होती.

शबानानं तोड काढली. सुती ओढणी घ्यायची, सैल बांधायची, रोज धुतलेली, आणि क्लिनिकच्या जिन्यापाशी आली की सोडायची. वैष्णवीनं जिन्यापाशीचं तेवढं कबूल केलं. पुढच्या खेपेला खरंच सोडून आली. जिन्यात एक कुरिअरवाला भेटला म्हणून मधल्या पायऱ्यांवर परत बांधली, ती गोष्ट वेगळी.

तिकडे क्रीम बंद केल्यावर जे व्हायचं तेच झालं, चेहरा आधी आणखी भडकला. मी ते आधीच सांगून ठेवलं होतं, तिघांनाही, दोनदा. तरी आत्तींचा फोन आलाच. तुमच्याकडे यायच्या आधी बरं होतं, म्हणाल्या. मी मनातल्या मनात आकडे मोजले आणि मग उत्तर दिलं.

*

चेहरा शांत व्हायला बराच काळ गेला. मग मी सावकाश, सौम्य पील सुरू केलं. त्या दिवशी आण्णांनी हट्ट धरला की मी आत थांबतो. थांबा म्हटलं. ते हाताची घडी घालून उभे राहिले आणि मी ब्रश फिरवायला लागले, तसे पुढे वाकून बघायला लागले.

"हे ॲसिडच न्हवं?"

हो, म्हटलं, पण एकदम सौम्य.

"लईच सौम्य दिसतंय. आमची चांदी बघा, उजाळा देताना बुडवली की पांढरीशिप्पट. तुमी का भीतासा?"

मी हातातला ब्रश खाली ठेवला आणि त्यांना पोरगी आणि पैंजण यांतला फरक समजावून सांगितला. आवाज जरा चढला असावा, कारण दार ओढल्याचा आवाज आला. आण्णांनी मान डोलावली. ते निघताना मी बजावलं, आता चारसहा दिवस कातडी कोंड्यासारखी सुटेल. तिला हात लावायचा नाही, ओढायची नाही, घासायची तर मुळीच नाही. व्हय व्हय, म्हणाले.

आठवड्यानं वैष्णवी आत्तींबरोबर आली ती पुन्हा डोळ्यांपर्यंत बांधून. ओढणी सोडली आणि मी खुर्चीतून उठलेच. दोन्ही गाल सोलवटलेले. काय केलंत, म्हणून विचारलं तर आत्ती पुढे झाल्या. जराही ओशाळलेल्या नव्हत्या. म्हणाल्या, चांदी ॲसिडातून काढली की तशीच ठेवत नाहीत, रिठ्याच्या पाण्यात ब्रशनं घासल्याशिवाय तिला चमक येत नाही. तुम्ही ॲसिड लावून पोरीला तसंच घरी पाठवलंत. आम्हाला वाटलं, पुढचं काम आमच्यावर सोडलंय.

त्यांनी पैंजणांच्या ब्रशनं पोरीचा चेहरा घासला होता!

मी वैष्णवीला म्हटलं, अगं, त्या घासत होत्या तेव्हा तू काय करत होतीस? म्हणाली, "चांदीला चमक येतीया, मॅडम. मी रोज बघतो."

त्या दिवशी मी पहिल्यांदा पेशंट बाहेर बसलेले असताना क्लिनिक तास-दीड तास बंद ठेवलं. शबानानं चहा आणून दिला आणि समोर बसून राहिली.

*

सगळी गाडी पुन्हा मागे आली. गाल भरून यायची वाट बघायची, उन्हापासून जपायचं, मग परत पहिल्यापासून. हळूहळू नवे फोड कमी झाले, पण डाग राहिले, काही ठिकाणी बारीक खड्डे राहिले. निवड जवळ आली तशी वैष्णवी स्कूटरची किल्ली वाजवत एकटीच आली, आण्णा नाहीत, आत्ती नाहीत.

"मॅडम, खरं सांगा. निवडीपतोर जातंय का सगळं?"

मी खरं सांगितलं. फोड बरेच थांबतील. डाग जायला आणखी महिने लागतील. दोन-चार खड्डे कदाचित कायमचे राहतील, त्यांच्यासाठी नंतर वेगळी ट्रीटमेंट करू.

तिचे डोळे भरले, पण आवाज फाडकन आला. "मग तुमचा उपेग काय?"

इतक्या महिन्यांचा वैताग माझ्याही डोक्यात साचला होता. मी म्हटलं, "बॉल तुझं तोंड बघून गोलात जातो का गं?"

ती उठली. ओढणी घेतली आणि गेली. पुढच्या तारखेला आली नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. शबानानं फोन केले, ते कुणी उचलले नाहीत. मला रुखरुख लागून राहिली, खोटं कशाला बोलू. इतर पेशंट बघत असतानाही जिन्यात स्कूटरची किल्ली वाजली की मी दाराकडे बघायचे.

*

मग एके दिवशी आण्णांचा फोन आला. पोरगी विद्यापीठाच्या संघात निवडली गेली होती. तुमच्याकडून शेवटची आली त्या दिवसापासून पुन्हा ग्राउंडवर जायला लागली, म्हणाले, आणि निवडीच्या मॅचमध्ये तिनं पेनल्टी अडवली होती. चौकात फ्लेक्स लावलाय, म्हणाले, तुम्ही आल्याशिवाय चालायचं नाही, तुमचंही नाव टाकलंय.

रविवारी मी आणि शबाना हुपरीच्या एसटीत बसलो. चौकात उतरलो आणि समोर बघितलं.

दुमजली घराएवढा फ्लेक्स. मधोमध वैष्णवी, हातात गोलकीपरचे ग्लोव्ह्ज, काखेत बॉल. आणि चेहरा जसाच्या तसा. प्रत्येक डाग, प्रत्येक खड्डा, हनुवटीवरचा ताजा फोड. एकेक मुरूम लिंबाएवढा! वर कोपऱ्यात रणजितदादा, सोललेल्या अंड्यासारखे. खाली शुभेच्छुकांत आत्ती. आणि सगळ्यांच्या खाली, सगळ्यांत मोठ्या अक्षरांत, "चेहऱ्यावरील उपचार", त्यापुढे माझं नाव, क्लिनिकचा पत्ता आणि माझा फोटो. माझा फोटो मात्र इतका पुसून गुळगुळीत केला होता की शबानानं विचारलं, "मॅडम, ह्या कोण?"

मी तिथंच रस्त्यात कपाळाला हात लावला. आण्णा आनंदानं पुढे आले. मी म्हटलं, आण्णा, अहो, या असल्या चेहऱ्याखाली माझं नाव?

"लांबनं दिसतंय न्हवं? मुद्दाम मोठं केलंय."

मग त्यांनीच सांगितलं. फ्लेक्सवाल्यानं आपल्या पद्धतीनं चेहरा पुसून स्वच्छ करून ठेवला होता. सगळ्यांना पसंत होता, आत्तींना तर फारच. वैष्णवीनं तो बघितला, उठली आणि त्याच्या दुकानात जाऊन बसली. म्हणाली, मूळचा फोटो टाकल्याशिवाय मी इथून हलणार नाही. तो म्हणाला, अगं ताई, किती छान दिसतेस बघ. तर म्हणाली, "ही कोण हाय? पेनल्टी म्या अडवलीया, हिनं न्हाय."

तेवढ्यात वैष्णवी स्कूटरवरून आली. ओढणी नव्हती. तोंडावर सनस्क्रीनचे पांढरे पट्टे, कान आणि मान तशीच मोकळी. इतके दिवस फोन का उचलला नाहीस, म्हणून मी विचारणार होते, पण तोंडातून निघालं, "सनस्क्रीन मानेला कोण लावणार, तुझी आत्ती?" ती फिदीफिदी हसली. म्हणाली, "लावतो की मॅडम, वरडू नका." परतीच्या एसटीत मी शबानाला सांगितलं की आता हुपरीचा एकही पेशंट आपल्याकडे यायचा नाही. तिनं हळूच खिडकीची काच ओढून घेतली.

दोन-तीन दिवसांनी हुपरीहून एक बाई आल्या. बरोबर पंधरा-सोळा वर्षांची पोरगी, ओढणीत फक्त डोळे. मी आधीच खुलासा करायला सुरुवात केली, की त्या फ्लेक्सवर जाऊ नका, त्या मुलीची ट्रीटमेंट अजून अर्धीच झालेली आहे, घरच्यांनी मध्येच काय काय केलं ते...

बाईंनी मला पुरतं बोलू दिलं नाही.

"चौकातली ती बिनओढणीची पोरगी तुमचीच न्हवं, मॅडम? हिलापण तसंच करा."